रीपर वर्षभर वापरलं, ढोलकी आता मागे पडत नाही

आमच्याकडे अमळनेरला श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि रात्रभर बायका अहिराणीत गाणी म्हणतात. मोठ्या आत्याला जेवढी येतात तेवढी आता घरात कुणालाच येत नाहीत, म्हणून मागच्या वर्षी ठरवलं की यंदा नीट रेकॉर्ड करायचीच. एक फोन आत्यासमोर पाटावर, एक छोटा रेकॉर्डर ढोलकीजवळ, आणि लॅपटॉपला यूएसबी माईक लावून तो टाळवाल्या आणि मागून म्हणणाऱ्या बायकांकडे. वेगवेगळं अशासाठी की एकाच माईकवर ढोलकी आवाजाच्या वर चढली तर नंतर ती खाली आणता येत नाही.

सोमवारी कानबाईचं विसर्जन करून आलो, रीपर नावाच्या आवाज रेकॉर्ड आणि दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही फायली एकाखाली एक लावल्या, तिन्ही यंत्रं चालू करून सुरुवातीला वाजवलेली टाळी जुळवली आणि पहिली दोन गाणी इतकी सुंदर वाजली की माय हातातलं काम टाकून येऊन बसली. मग चाळीसाव्या मिनिटाच्या पुढचं गाणं लावलं तर तीच म्हणाली, "भाऊ, ढोलकी मांगे पडी ऱ्हायनी." खरंच पडत होती. फोनमध्येही ढोलकी थोडीफार येतेच ना, त्यामुळे प्रत्येक थाप दोनदा ऐकू यायची, एक फोनमधली आणि तिच्या पाठोपाठ रेकॉर्डरमधली.

मला आधी वाटलं फोन ४८००० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने घेतो) आणि रेकॉर्डर ४४१०० वर आहे म्हणून असं होतंय, पण तसं नव्हतं, तो बदल सॉफ्टवेअर स्वतःच करून घेतं. खरी गोष्ट अशी की प्रत्येक यंत्रात स्वतःचा क्रिस्टल असतो आणि त्याच्यावरच ते सेकंद मोजतं, आणि कुठलेही दोन क्रिस्टल अगदी तंतोतंत सारखे चालत नाहीत. माझ्या फोन आणि रेकॉर्डरमध्ये ४२ मिनिटांत १२६ मिलिसेकंदांचा फरक पडला होता, म्हणजे दहा लाखात पन्नास. आकडा ऐकायला काहीच नाही, पण ढोलकीच्या ठेक्यात एवढा उशीर कुणालाही कळतो. म्हणून नुसती सुरुवातीला टाळी वाजवून भागत नाही, शेवटीही वाजवायची, तिन्ही यंत्रं चालू असताना, हे मी कळकळीने सांगतो कारण ती रात्र परत वर्षभर येत नाही. माझ्याकडे शेवटची टाळी नव्हती, मग फोनमध्ये ऐकू येणारी शेवटच्या गाण्यातली एक जोरात पडलेली थाप धरून काम केलं.

इथे रीपर कामाला आलं. पडद्यावर प्रत्येक फाइल एका पट्टीसारखी दिसते. ढोलकीच्या पट्टीचं डावं टोक बरोबर पहिल्या टाळीवर कापायचं, उजवं टोक शेवटच्या टाळीवर, डावं टोक फोनच्या टाळीशी जुळवायचं आणि मग ऑल्ट दाबून उजवं टोक धरून फोनच्या शेवटच्या टाळीपर्यंत ओढायचं. स्नॅप बंद ठेवा नाहीतर टोक पडद्यावरच्या ग्रिडच्या रेघेवर जाऊन चिकटतं. ओढल्यावर पट्टीवर एफ२ दाबून बघितलं तर प्लेबॅक रेट, म्हणजे वाजायचा वेग, १.००००५ च्या आसपास आला होता, बस एवढंच. तिथेच पिच, म्हणजे सूर, सांभाळायची एक टिक असते ती काढून टाका. ती ठेवली तर सॉफ्टवेअर आवाज ताणायचं गणित करत बसतं आणि थापेची धार बोथट होते, आणि काढली तरी सूर एका सेंटच्या (सेंट म्हणजे दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) दहाव्या भागाइतकाही हलत नाही, कानाला कळायचा प्रश्नच नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, माझा फोन ढोलकीपासून चार मीटरवर होता म्हणजे फोनमध्ये थाप बारा मिलिसेकंद उशिरा येणारच. हा फरक सुरुवातीला जेवढा तेवढाच शेवटपर्यंत राहतो, त्याच्यामागे लागून वेळ घालवू नका. जो वाढत जातो तोच दुरुस्त करायचा.

ट्रॅकवर ट्रॅक रेकॉर्ड करायलाही रीपर बरं आहे. चुलतभावाने नंतर घरी हेडफोनवर ऐकत पेटी वाजवली ती जागच्या जागी बसली, कारण साउंडकार्डचा ड्रायव्हर जेवढा उशीर सांगतो तेवढा रीपर मागे घेतं, आणि ड्रायव्हर चुकीचं सांगत असेल तर आउटपुटमधून इनपुटला केबल लावून मोजून आकडा हाताने टाकता येतो. फक्त ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका, वायरचाच घ्या.

आपोआप सगळं जुळवून देणारं एक बटण हवं असेल तर ते यात नाही, टाळी डोळ्यांनी शोधावी लागते. मेनू भरपूर आहेत, पहिला आठवडा शिकण्यातच जातो. आणि पैसे असतील तर चार इनपुटचं एकच इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडायचा डबा, घ्यावं, सगळे माईक एकाच घड्याळावर चालतात आणि हा प्रश्नच उरत नाही, पण पंचवीस बायका, लहान पोरं आणि रोटांची ताटं असलेल्या खोलीत चार वायरी टाकायच्या कुठून? आमच्यासारख्यांना वेगवेगळी यंत्रंच परवडतात आणि तीच सोयीची पडतात.

साठ दिवस पूर्ण रीपर फुकट वापरता येतं, काहीही बंद केलेलं नसतं. घरगुती लायसन्स ६० डॉलर, म्हणजे आपले पाच हजार तरी धरा. मी अठ्ठावन्नाव्या दिवशी भरले, आत्याची सगळी गाणी जुळवून झाल्यावर.