ड्रॅगन एज व्हेलगार्ड, बरेच महिने खेळल्यावर: यात राजकारण कमी पडलंय

ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड हा बायोवेअरचा फँटसी रोल-प्लेइंग गेम ३१ ऑक्टोबर २०२४ ला आला तेव्हा घेतला नव्हता, मार्च २०२५ मध्ये पीएस प्लसवर (प्लेस्टेशनच्या सबस्क्रिप्शनवर) आला तेव्हा डाऊनलोड केला आणि तेव्हापासून खेळतोय. एकदा ग्रे वॉर्डन म्हणून पूर्ण केला, मग मोर्न वॉच ही दुसरी पार्श्वभूमी घेऊन परत सुरू केला. तोवर सगळीकडे एकच भांडण, ताश, म्हणजे टीममधलं एक सोबती पात्र (कंपॅनियन), जे स्वतःला ना बाई मानतं ना पुरुष. एक गट म्हणणार नॉन-बायनरी कंपॅनियन घातला आणि गेम बुडवला, दुसरा म्हणणार ज्यांना गेम आवडला नाही ते सगळे द्वेष्टे. मला दोन्ही पटत नाही आणि का ते सविस्तर लिहितोय कारण ही सिरीज मला खूप जवळची आहे.

चांगलं आधी. कॉम्बॅट वेगवान आहे, मजा येते, गेम अडखळत नाही, नेक्रोपोलिस ही मृतांची नगरी तर बघतच राहावी अशी. आणि एमरिक! आयुष्यभर प्रेतांमध्ये काम केलेला, मरणाला घाबरणारा प्रोफेसर, शेवटी त्याला लिच होऊन अमर व्हायचं की मॅनफ्रेड या त्याच्या सांगाड्याला परत आणायचं हे तुम्ही ठरवता. मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ विचार केला. म्हणजे या लेखकांना लिहिता येतं, हे लक्षात ठेवा.

आता ताश. लॉर्ड्स ऑफ फॉर्च्युन या खजिना शोधणाऱ्यांच्या टोळीतले ड्रॅगनचे शिकारी, आई शथान ही कुनारी (शिंगं असलेल्या वंशातली) विदुषी, पोराला घेऊन कुन हा त्यांचा कडक धर्म सोडून रिव्हेन देशात पळून आलेली. हा पाया जबरदस्त आहे. आईसोबतच्या जेवणाच्या सीनमध्ये खरी धग आहे, दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि दोघांना एकमेकांचं कळत नाहीये. पण आईला सोडलं तर ताशची ओळख कळल्यावर बाकी सगळी टीम एका सुरात हो म्हणते, रूकला (आपण खेळतो त्या पात्राला) नीट वाद घालायलाही जागा नाही, अवघडायलाही नाही. टोळीतल्या इझाबेलाकडून ताशसाठी चुकून जुनं सर्वनाम जातं तर ती लगेच माफी म्हणून पुश-अप्स काढते, मिटला विषय. आणि नंतर ताशनं रिव्हेनचं व्हायचं की कुनारी राहायचं हे कोण ठरवतं? रूक, म्हणजे आपण! स्वतःची ओळख स्वतः शोधणाऱ्या माणसाची संस्कृती बाहेरच्यानं दोन बटणांमधून निवडायची, हे मला सगळ्यात जास्त खुपलं आणि भांडणाऱ्या दोन्ही गटांत याबद्दल कोणी फारसं बोललंच नाही.

ज्यांना वाटतं की असे विषय गेममध्ये नकोच त्यांनी याच सिरीजमधला २०१४ चा इन्क्विझिशन आठवा. त्यातला सोबती डोरियन. टेव्हिंटर या जादूगारांच्या देशातलं मोठं घराणं, तिथे लग्नं रक्त शुद्ध ठेवायला जुळवतात, आणि मुलाला पुरुष आवडतात म्हटल्यावर ज्या बापानं त्याला ब्लड मॅजिकचा (रक्ताच्या जादूचा) तिटकारा करायला शिकवलं तोच बाप ब्लड मॅजिकनं त्याला बदलायला निघतो. तो प्रॉब्लेम त्या देशातून, त्या घरातून उगवलाय. आणि हाच डोरियन, जो आपल्याला एवढा आवडतो, गुलामगिरीचा विषय निघाला की चक्क तिची बाजू सावरायला लागतो! तुम्ही त्याला तोंडावर सुनावू शकता. आवडणाऱ्या माणसाचं मत चुकीचं असणं, याला मी राजकीय लिखाण म्हणतो.

व्हेलगार्डमध्ये आपण त्याच टेव्हिंटरच्या राजधानीत, मिनराथसमध्ये, तासन् तास फिरतो आणि ज्या गुलामगिरीबद्दल तीन गेम ऐकत आलो ती रस्त्यावर दिसतच नाही, नुसती बोलण्यात येऊन जाते. अँटिव्हन क्रोज तर बघवत नाहीत. सिरीजच्या पहिल्या गेममधल्या, ओरिजिन्समधल्या, झेव्हरनला लहानपणी विकत घेऊन, छळ करून मारेकरी बनवणारी ही टोळी, ती इथे ट्रेव्हिसो शहराची रखवालदार झालीये, सगळे एकमेकांचे कुटुंबीय. कोणाला वाईट वाटू नये म्हणून जगातलं वाईटच पुसून टाकलंय.

२००९ च्या ओरिजिन्समधलं ओर्झामार बघा ना. ड्वॉर्फांचं (बुटक्या लोकांचं) जमिनीखालचं शहर, पूर्ण जातीवर चाललेलं. ज्यांना जात नाही त्यांच्या तोंडावर जन्मतःच खूण गोंदायची आणि त्यांनी डस्ट टाऊनमध्ये राहायचं, आपल्याकडे गावकुसाबाहेर म्हणतात तसंच. ड्वॉर्फ कॉमनर म्हणून सुरुवात केली तर तुम्ही तिथलेच. दुसऱ्याचं चिलखत घालून आखाड्यात उतरता, मोठमोठ्या योद्ध्यांना हरवता, लोक जयजयकार करतात आणि चेहरा दिसल्याबरोबर अटक, कारण तुमच्या पायांनी आखाडा बाटला. कर्णाला भर आखाड्यात कूळ विचारलं ती गोष्ट ऐकत मोठा झालेला माणूस इथे थांबणारच. पुढे तुम्हालाच राजा निवडायचाय. हॅरोमाँट सज्जन, शब्दाला पक्का, पण परंपरेला चिकटलेला, त्याच्या राज्यात जातीची बंधनं आणखी आवळतात. बेलेन भावाच्या खुनात हात असलेला कपटी माणूस, सभा बरखास्त करून एकट्यानं राज्य करतो आणि तोच जात नसलेल्यांची बंधनं सैल करतो. आमच्या ग्रुपमध्ये यावर अजून भांडणं होतात आणि ती व्हायलाच पाहिजेत.

व्हेलगार्डचं हे असं का झालं याचं एक कारण तर उघड आहे. हा गेम मध्ये कित्येक वर्षं मल्टिप्लेअर म्हणून बनत होता, २०२१ च्या सुमारास परत सिंगल प्लेअरकडे वळवला. इन्क्विझिशनमधले तुमचे निर्णय म्हणून फक्त तीन गोष्टी विचारतात, बाकी आपण दहा-पंधरा वर्षांत जे केलं त्याचा पत्ता नाही. मग ईए या गेमच्या प्रकाशक कंपनीनं सांगितलं की तिमाहीत १५ लाख खेळाडू आले, अपेक्षेपेक्षा जवळपास निम्मे कमी, आणि लोकांनी सगळं खापर ताशवर फोडलं. २०१६ मध्ये बाल्डर्स गेटच्या सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर या एक्स्पान्शनच्या वेळी हेच झालं होतं, मिझेना नावाच्या एका छोट्या ट्रान्स पात्राच्या चार ओळींवरून त्या अख्ख्या एक्स्पान्शनचा रिव्ह्यू बॉम्बिंग करून (गठ्ठ्यानं वाईट रेटिंग देऊन) बोऱ्या वाजवला. त्या ओळी घाईत लिहिल्यासारख्या होत्या हे खरं, पण म्हणून ते पात्रच नको ही मागणी मला तेव्हाही घाणेरडी वाटली होती, आजही वाटते.

पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलमध्ये मिळाला तर घ्या. सिरीज नवीन असेल तर आधी ओरिजिन्स खेळा, ग्राफिक्स जुने आहेत पण चालतात, ड्वॉर्फ कॉमनरनंच सुरू करा. व्हेलगार्डमध्ये एमरिकचे आणि सोलास या जुन्या एल्फ देवाचे सगळे क्वेस्ट करा, ताशचा सुद्धा वगळू नका, तो जेवणाचा सीन स्वतः बघा आणि मग काय ते मत बनवा.