मूळव्याधीची शस्त्रक्रिया: मोड कापून काढावा की स्टेपलर वापरावा?

इसबगोल, मलमे आणि मोडाच्या मुळाशी रबर बँड बांधणे असे सगळे करून झाल्यावरही मोड बाहेर येतच राहिला आणि प्रत्येक वेळी बोटाने आत ढकलावा लागू लागला, की शल्यचिकित्सक बहुधा दोन पर्याय समोर ठेवतात: मोड कापून काढण्याची जुनी उघडी शस्त्रक्रिया किंवा स्टेपलरची शस्त्रक्रिया. मी पहिली करून घेतली. माझ्या थोरल्या मेहुण्यांनी त्याच सुमारास दुसरी करून घेतली, आणि आमचा त्रास जवळजवळ सारख्याच टप्प्यावर होता; त्यामुळे दोन्हींनंतरची दुखणी, पथ्ये आणि पुढचे महिने मला जवळून पाहता आले. पुढचे सगळे या अनुभवावर आधारलेले आहे. कोणताही पर्याय निवडण्याआधी एक गोष्ट मात्र करावीच. वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल किंवा शौचाच्या सवयीत अलीकडे बदल झालेला असेल, तर रक्त मोडातूनच येते असे गृहीत न धरता कोलोनोस्कोपीविषयी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने होणाऱ्या तपासणीविषयी, डॉक्टरांना विचारावे.

दोन पर्यायांतला खरा फरक समजायला गुदमार्गातली एक रेषा ध्यानात ठेवावी लागते. दंतुर रेषा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सीमेच्या वर कापले तरी फारसे दुखत नाही, कारण तिथे त्वचेसारखी वेदना जाणवत नाही. खाली मात्र बोटाच्या टोकाइतकी संवेदना असते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या उघड्या शस्त्रक्रियेत मोड बाहेरच्या कातडीपासून आतल्या मुळापर्यंत कापतात आणि जखम टाके न घालता भरू देतात, म्हणजे ती या रेषेच्या दोन्ही बाजूंना असते. इटालियन शल्यचिकित्सक लोंगो यांनी १९९८ मध्ये पुढे आणलेल्या स्टेपलरच्या पद्धतीत रेषेच्या वरच्या अस्तराचा गोल पट्टा काढून उरलेला भाग पिनांनी जोडतात. मोड कापला जात नाही, तो वर ओढला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा घटतो. स्टेपलरनंतर दुखणे कमी का असते, याचे उत्तर इथेच मिळते. माझा निर्णय ज्या कारणाने झाला, त्याचे मूळही इथेच आहे.

मला रक्ताची भीती कमी आणि ओलेपणाचा वैताग जास्त होता. मोडाबरोबर बाहेरची कातडी सुटून लोंबू लागलेली होती. शौचानंतर कितीही काळजीपूर्वक धुतले तरी तिच्या घडीत काहीतरी अडकून राहत असे, तासाभरात पाझर सुरू होई, दुपारपर्यंत कपड्याला डाग पडे आणि मग संध्याकाळभर खाज. कार्यालयात लांबलेल्या बैठकीत खुर्चीवर बसून ही खाज सोसणे मला मोड आत ढकलण्यापेक्षाही असह्य वाटत असे. प्रवासात तर प्रत्येक ठिकाणी पाण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे लागे. मी शल्यचिकित्सकांना हाच प्रश्न थेट विचारला, तेव्हा त्यांनी सांगितले की स्टेपलरने आतला भाग वर गेल्यावर कातडीचा ताण थोडा कमी होईल, पण सुटलेली कातडी बरीचशी तशीच राहील. ती हवी तर वेगळी कापता येते. मग मात्र जखम रेषेच्या खाली येणार आणि कमी दुखण्याचा फायदा बराचसा निघून जाणार. माझ्यापुरता प्रश्न तिथे सुटला.

याची किंमत पहिल्या आठवड्यात मोजावी लागते आणि ती कमी करून सांगणे योग्य होणार नाही. पहिले शौच फार दुखते. त्या भीतीने अनेक जण जेवण तोडतात. त्याने मल कोरडा होतो आणि दुसरे शौच पहिल्यापेक्षा वाईट जाते. म्हणून पोटभर पण साधे खावे: मऊ भात, मुगाचे वरण, भाज्या, पपई, ताक आणि भरपूर पाणी. डॉक्टरांनी दिलेले लॅक्टुलोजसारखे मल मऊ करणारे औषध पहिल्या रात्रीपासून घ्यावे. ट्रॅमाडॉलसारख्या काही वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होते, त्यामुळे कोणती गोळी कशासाठी आहे हे विचारून घ्यावे. मला वेदनाशामक गोळी शौचाच्या अर्धा तास आधी आणि शौचानंतर लगेच कोमट पाण्याच्या टबात बसणे, या जोडीने सर्वांत जास्त आराम दिला. वेदनेचा बराचसा भाग जखमेबरोबरच आवळलेल्या स्नायूचाही असतो. कोमट पाण्याने तो सैलावतो आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले डिल्टियाझेमचे मलमही त्याच स्नायूवर काम करते.

दुसऱ्या आठवड्यात, बरे वाटू लागलेले असताना, खपली सुटून रक्त येऊ शकते. थोडे रक्त अपेक्षित असते, मात्र गुठळ्या पडू लागल्या किंवा रक्त थांबेना तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. ताप, वाढत जाणारी वेदना आणि लघवी न होणे ही लक्षणे दिसली तर दोन्हींपैकी कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर सकाळपर्यंत थांबू नये. उघडी जखम पूर्ण भरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर सॅनिटरी पॅड वापरणे पुरुषांनाही सोयीचे जाते. ते दुकानात मागायला संकोच वाटतो, म्हणून आधीच आणून ठेवावे.

पूर्वतयारी दोन्हींसाठी जवळपास सारखीच आहे. मल मऊ करण्याची सवय शस्त्रक्रियेच्या पंधरवडाभर आधी लावून घ्यावी, कमोडवर बसणारा टब आणावा आणि घरात भारतीय बैठकीचे शौचालय असेल तर काही आठवडे कमोडची सोय करावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद न करता हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांना विचारावे. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिल्यावर लघवी अडू शकते आणि क्वचित नळी घालावी लागते, हे ठाऊक असले की त्या रात्री घाबरायला होत नाही. मेडिक्लेमच्या अनेक पॉलिसींमध्ये मूळव्याधीला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, तेवढे तारीख ठरवण्याआधी वाचून घ्यावे.

मेहुण्यांचा अनुभव स्टेपलरच्या बाजूने बोलणारा आहे, हे मान्य केले पाहिजे. ते माझ्या कितीतरी आधी कामावर रुजू झाले आणि माझ्यासारखे कण्हत बसण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्यांना काही आठवडे शौचाची घाई अचानक लागत असे, पण ती हळूहळू गेली. स्टेपलरचे यंत्र एकदाच वापरायचे असल्याने बिल मात्र वाढते. माझी शंका पुढच्या काळाविषयी आहे. ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांना सहभागी करून घेतलेला एक मोठा तुलनात्मक अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात सुरुवातीचे दुखणे स्टेपलरमध्ये कमी आढळले, पण दोन वर्षांच्या काळात त्रास उलटण्याचे प्रमाण त्यातच जास्त निघाले आणि खर्चाच्या मानानेही जुनी पद्धत सरस ठरली. मेहुण्यांचा मोड परत आलेला नाही. पण बाहेरच्या कातडीची धुण्याची कटकट त्यांना अजून आहे, आणि माझी संपली आहे. एका बाजूला थोडी घडी राहिली आहे, कारण गुदद्वार आवळू नये म्हणून दोन जखमांच्या मध्ये कातडीचा पूल सोडावाच लागतो. ती त्रास देत नाही.

लेझरच्या जाहिराती पाहून जाणाऱ्यांनी लेझर नेमके कशासाठी वापरणार, हे विचारावे: लेझरचा बारीक तंतू मोडाच्या आत घालून मोड आकसवणार, की चाकूऐवजी लेझरने कापणार? पहिल्या प्रकारात बाहेरची कातडी राहतेच, आणि दुसऱ्यात जखम उघड्या शस्त्रक्रियेसारखीच असते. सुश्रुताने औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे मूळव्याधीवरचे चार उपाय सांगितले आहेत आणि क्षारसूत्र, म्हणजे क्षार लावलेला दोरा बांधण्याचा उपचार, आजही केला जातो, परंतु ते मी जवळून पाहिलेले नाही.

ज्याची सुटी कमी आहे, ज्याचा त्रास मुख्यतः आतल्या मोडांचा आहे आणि बाहेरची कातडी घट्ट आहे, त्याने स्टेपलर निवडला तर मी त्याला अडवणार नाही. तपासणीच्या वेळी मात्र डॉक्टरांना कुंथून दाखवावे, बाहेर काय आणि किती येते ते त्यांना प्रत्यक्ष पाहू द्यावे, आणि या कातडीचे काय होणार असे विचारावे. ती राहील असे उत्तर मिळाले आणि रोजचा वैताग तिचाच असेल, तर महिनाभराची रजा काढून उघडी शस्त्रक्रिया करून घेणे मला अधिक बरे वाटते.