तुरुंगातून अपील: मोफत विधी सेवा कितपत उपयोगी?
पोलिसांनी रचलेल्या पुराव्यावर शिक्षा झालेल्या कैद्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाची मोफत सेवा खरोखर आधार देते, पण कागदांमागे घरच्यांनाच लागावं लागतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन. निकालपत्राची प्रत कैद्याला फुकट मिळते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ६० दिवस असतात, फाशी असेल तर ३०. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा.

सेवेची कमकुवत बाजू म्हणजे वकिलाची तयारी. कैद्याला न भेटता, नुसतं निकालपत्र वाचून केलेलं अपील पोकळ असतं. खरी गोम पंचनाम्यात सापडते: अनेक खटल्यांत तेच ते पंच, सील न केलेला मुद्देमाल, ओळखपरेडीआधीच साक्षीदाराला दाखवलेला फोटो. म्हणून साक्षींच्या पूर्ण प्रती, अटक पंचनामा, वैद्यकीय तपासणीचा कागद वकिलाच्या हाती पडलाच पाहिजे. पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपण्याचा अर्ज मात्र अटकेनंतर लगेच हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये १८ महिन्यांची साठवण सांगितली, अपिलाची सुनावणी त्याहून बरीच उशिरा येते.

वकील हजरच राहत नसेल तर बदलून मागता येतो. तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.