पैसे 'मिंक'चे, डोळ्यांवर प्लॅस्टिकचे झुपके

माझ्या पापण्यांचे केस मुळातच विरळ. "फोटोत तुझे डोळे दिसतच नाहीत गं," हे लहानपणापासून ऐकत आलेय. डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न होतं, म्हणून डोंबिवलीतल्या एका पार्लरमध्ये लॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापण्यांच्या केसांना कृत्रिम केस चिकटवून घेतले. पार्लरचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही.

मला सांगितलं ते असं: 'क्लासिक' प्रकार, म्हणजे तुमच्या एका केसाला एकच कृत्रिम केस. केस अस्सल मिंकचे. गोंद हर्बल. फुल सेट आणि पुढचे दोन रिफिल, म्हणजे गळलेल्यांच्या जागी नवे केस लावणं, मिळून ५,५०० रुपये, पण सगळे आधी. मी यूपीआयने भरून मोकळी. बिल "व्हॉट्सॲपवर टाकते हं ताई" होतं, ते आजतागायत टाकलेलं नाही. आधी थोडा गोंद लावून ॲलर्जी बघायची का, असं मी विचारलं होतं, बरं का. त्यावर उत्तर, "हर्बलला कसली टेस्ट?" मिंक हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी. त्याचे केस हर्बल गोंदाने चिकटवणार, हे वाक्य मी तेव्हाच एकदा मोठ्यांदा म्हणून बघायला हवं होतं.

पस्तीस मिनिटांत काम उरकलं. मला वाटलं, हात चांगला बसलाय बाईचा. एकेक केस सुटा करून लावायचा तर दोन्ही डोळ्यांना दीड-दोन तास लागतात, हे मला नंतर कळलं. डोळे मिटलेले असूनही झोंबत होते. तिने पंखा वाढवला, बस.

लग्नात फोटो झकास आले, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवी पापणी सुजून डोळा अर्धाही उघडेना. पार्लरला फोन केला तर, "तुम्ही पाणी लावलं असणार." आणि वर पापण्या दाट करणारं आयुर्वेदिक सिरम गळ्यात मारलं, १,४०० रुपयांना. सुजल्या डोळ्याने जाऊन मी ते घेऊनही आले!

पहिला संशय आला तो आईला. उशीवर एक गळलेला झुपका पडला होता. आई साडी घेताना पदराचा धागा काढून जाळून बघणारी. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरते. तिने तो 'मिंक' चिमट्यात धरून काडी लावली. तो आक्रसला आणि त्याची काळी, कडक गोळी झाली. वास प्लॅस्टिकचा. बहुतेक ठिकाणी 'मिंक' हे नुसतं दिसण्याचं नाव असतं, धागा पॉलिस्टरचाच. त्यात वावगं काही नाही, पण मग अस्सल म्हणून पैसे का घ्यावेत?

डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी यंत्राखाली बघून मोबाइलवर फोटो काढून दाखवला. खाली गाठ असलेला पाच केसांचा तयार झुपका आणि त्या गाठीत माझे तीन केस एकत्र चिकटलेले. पापणीचा प्रत्येक केस आपापल्या वेळेला वाढतो आणि गळतो. तिघांना बांधून टाकलं की गळणारा केस वाढत्या केसाला मुळापासून ओढतो. हे वारंवार झालं तर तिथे केस परत येईलच असं नाही. गोंदाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "फेव्हिक्विकच्याच जातीचं रसायन असतं हो, सायनोॲक्रिलेट. हर्बल कुठलं?" त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं, आणि ॲलर्जी असणाऱ्याची पापणी सुजते. त्यांनी काही झुपके मलमाने सोडवले, काही बारीक कात्रीने कापले. घरी ओढून काढू नका, माझी ओढायची तयारी झालेली होती.

सिरमची बाटली त्यांनी उलटसुलट केली. त्यावर उत्पादकाचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, घटक नाहीत. पापण्या खरोखर वाढवणारं औषध आहे, बिमॅटोप्रोस्ट ०.०३ टक्के. मुळात काचबिंदूचं. अमेरिकेत २००८ साली पापण्यांसाठी त्याला मंजुरी मिळाली. पण त्याने पापणीची कातडी काळवंडू शकते, बुबुळाचा रंग कायमचा गडद होऊ शकतो, डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल जाऊ शकतात, आणि बंद केलं की पापण्या पहिल्यासारख्या. ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. बिननावाच्या बाटलीत काय आहे ते कोण सांगणार? मी ती उघडली नव्हती, एवढंच नशीब.

आता मी काय करते? आधी कर्लर (पापण्यांचे केस वळवायचा चिमटा), मग मस्कारा, हा क्रम. उलटं केलं की केस कर्लरला चिकटून तुटतात. कोमट पाण्याने निघणारा ट्यूबिंग मस्कारा मिळतो, रात्री चोळावं लागत नाही. तीन महिन्यांनी मस्कारा फेकायचा, अर्धा उरला असला तरी. लग्नकार्याला पट्टीच्या पापण्या, त्याच रात्री काढायच्या. त्यांचा गोंद कातडीवर बसतो, केसावर नाही. एरंडेल लावून केस वाढतात याला पुरावा नाही. चकाकी येते, आणि डोळ्यात गेलं की धूसर दिसतं. आई अजून लावच म्हणते. लॅश लिफ्ट, म्हणजे आपलेच केस वर वळवून बसवणं, हेही रसायनच आहे, त्याच्या वाटेला मी जाणार नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयची पावती, पार्लरचे व्हॉट्सॲप मेसेज आणि डॉक्टरांचा कागद जोडला. आठवड्याने पार्लरने न वापरलेल्या दोन रिफिलचे २,००० परत केले, तेही "ताई, तुमच्यासाठी" असं म्हणत. बाकीच्या पैशांचा पाठपुरावा चालू आहे. सिरमची बाटली मी सील न तोडता कपाटात ठेवलीय, पुरावा म्हणून.