१५५२२३ : बॅलन्स कापणाऱ्या सेवा बंद करायचा नंबर, एका रिचार्जवालीचा अनुभव

हा रिव्ह्यू एका नंबरचा आहे. १५५२२३. कॉलर ट्यून, राशीभविष्य, भजनं, क्रिकेटचा स्कोअर, विनोद, गेम असली कुठलीही पैसे कापणारी सेवा फोनवर चालू झाली असेल तर ती बंद करायचा हा नंबर. सिम कोणत्याही कंपनीचं असो, नंबर हाच. ट्राय म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिनं सगळ्या कंपन्यांना तो ठेवायला लावला आहे. फोन केला किंवा मेसेज पाठवला तरी पैसे पडत नाहीत. जत तालुक्यातल्या एका बाजारगावात माझं रिचार्जचं आणि मोबाइलच्या किरकोळ सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या फोनवरून मी या नंबरला मेसेज करत आले आहे, म्हणून तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे हात वर करतो, हे मला नीट माहीत आहे.

आधी पैसे जातात कसे ते सांगते, कारण दुकानात येणाऱ्या दहांतल्या नऊ माणसांना तेच कळलेलं नसतं. हल्ली अनलिमिटेडचे पॅक आले, त्यामुळे बऱ्याच जणांचा मेन बॅलन्स शून्यच असतो आणि कापायला काही सापडत नाही. पण कीपॅडचा फोन वापरणारी, मोजका टॉकटाइम मिळणारा स्वस्त पॅक मारणारी, वर दहा-वीसचा टॉपअप घालणारी माणसं आमच्याकडे अजून भरपूर आहेत. दहाचा टॉपअप मारला की हातात येतात ७ रुपये ४७ पैसे. बाकी टॅक्स आणि प्रोसेसिंग फी. त्या साडेसात रुपयांतून रोजचा एक रुपया राशीभविष्याला गेला, तर आठवड्यात खेळ संपला. आणि हा बॅलन्स कशासाठी ठेवलेला असतो? मुलगा-सून ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असतात, नातवंडं आजीजवळ, आणि अडीअडचणीला एक फोन लागावा म्हणून. तो फोन नेमका लागत नाही.

सेवा चालू होते ती बहुतेक वेळा स्क्रीनवर अचानक उगवणाऱ्या मेसेजमुळे. फोन नुसता ठेवलेला असतो, आणि पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येतात. खाली डाव्या बाजूला ओके. कीपॅडच्या फोनवर माणूस पडदा मोकळा करायला मधलं बटण दाबतो, आणि मधलं बटण म्हणजे ओके. दुसरा रस्ता फोनचा. लांबलचक नंबरवरून कॉल येतो, भजन वाजतं, मग बाई म्हणते हे गाणं आवडलं तर स्टार दाबा. फोन कानाला लावलेला, गाल कुठल्या बटणावर टेकला कुणाला ठाऊक. स्मार्टफोनवर जाहिरातीच्या पानावरचं एक बटण पुरतं.

नियम असा नाही. नियम चांगला आहे. २०११ मध्ये आणि मग २०१३ मध्ये ट्रायनं कंपन्यांना लेखी आदेश दिले की माणसाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय सेवा चालू करायची नाही, एकदा हो म्हटल्यावर पुन्हा वेगळी दुसरी संमती घ्यायची, किती पैसे आणि किती दिवसांसाठी ते सांगायचं. पैसे कापले की मेसेज यायला हवा. कागदावर हे सगळं आहे. पण ज्या आजीला इंग्रजी वाचता येत नाही, मराठीसुद्धा अडखळत आणि घरात कन्नड बोलते, तिनं दोन वेळा ओके दाबलं तर त्याला संमती म्हणायची का? मी म्हणत नाही. मला त्यात फसवणूकच दिसते.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही पण दुकानात बसून दिसते. बॅलन्समध्ये महिन्याचे तीस रुपये नसले तर सेवा बंद होत नाही, ती दबा धरून बसते. तीस नसतील तर दहा, दहा नसतील तर दोन असं जमेल तितकं कापते, नाहीतर पुढच्या रिचार्जची वाट बघते. मी टॉपअप मारते, मेसेज येतो, गिऱ्हाईक पायरी उतरतं, आणि रस्ता ओलांडेपर्यंत पैसे कट. मग ते परत येतं.

"ताई, आत्ता वीसचा मारला न्हवं? बघ की, बॅलन्स न्हाईच."

"मावशी, मी मारलाय. मेसेज बघा, आलाय."

"मग गेलं कुठं? तूच कमी मारला असशील."

हे वाक्य मला लागतं. शंभराच्या रिचार्जवर आम्हाला सुटतात दोन-तीन रुपये, आणि त्यासाठी कुणी चोर म्हणावं अशी आमची कमाई नाही. पण मावशीचंही बरोबर असतं, तिच्या डोळ्यांसमोर पैसे मीच घेतलेले असतात. ज्यानं खरे घेतले तो तिला दिसतच नाही. म्हणून मी १५५२२३ वापरायला लागले.

आता सेवेबद्दल. दोन रस्ते आहेत, मेसेज आणि फोन. यातला मेसेजचा रस्ता खरोखर चांगला आहे. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत स्टॉप लिहायचं आणि १५५२२३ला पाठवायचं. थोड्या वेळानं उत्तर येतं. एकच सेवा चालू असेल तर ती बंद केल्याचं, आणि जास्त असतील तर यादी येते, पुढे आकडे असतात, जी बंद करायची तिचा आकडा उलट पाठवायचा. एका शेतमजूर दादांच्या फोनवर तीन निघाल्या होत्या. भक्तिगीतं, क्रिकेट आणि कसल्याशा गप्पांची सेवा. तिसरं नाव वाचल्यावर दादा खाली बघायला लागले. त्यांनी ती मागितली नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांची बायको शेजारी उभी होती. मी मोठ्यानं वाचलं नाही, आकडे पाठवून टाकले. असल्या सेवा माणसाची लाज धरून टिकतात, आणि म्हणून बरेच लोक तक्रार करत नाहीत.

कीपॅडवर स्टॉप लिहिणं हीच खरी अडचण आहे, म्हणून नीट सांगते. आधी हॅशचं बटण दाबून मोठी इंग्रजी अक्षरं आणायची. हिंदी किंवा शब्द सुचवणारा मोड असेल तर अक्षरं भलतीच उमटतात, तो बंद करायचा. मग सातचं बटण चार वेळा, आठचं एकदा, सहाचं तीन वेळा, सातचं एकदा. ज्या बाया आकडे ओळखतात पण अक्षरं ओळखत नाहीत, त्यांना मी हे आकड्यांतच शिकवलं आहे. सात चारदा, आठ एकदा, सहा तीनदा, सात एकदा. त्यांतली एक आता गल्लीतल्या बाकीच्यांचे फोन स्वतः नीट करून देते, माझ्याकडे आणत नाही. मला त्याचा आनंदच आहे.

फोनचा रस्ता मला आवडला नाही. भाषा निवडा, मग हे दाबा, मग ते दाबा. मध्येच नव्या सेवेची जाहिरात ऐकायला मिळाली तेव्हा माझं डोकंच फिरलं. जो माणूस सेवा बंद करायला आला आहे त्याच्या कानात दुसरी सेवा घालायची, हे कुठल्या न्यायात बसतं? आणि म्हाताऱ्या माणसाला कानाला फोन लावून, पुन्हा पडद्याकडे बघून बटण दाबायला जमत नाही. तोवर आवाज म्हणतो, आपण कोणताही पर्याय निवडला नाही. मेसेजच पाठवा.

पैसे परत मिळण्याचं काय? इथे ही सेवा कमी पडते. नियमात असं आहे की सेवा चालू झाल्यापासून २४ तासांच्या आत बंद करायला सांगितलं तर कापलेले पैसे परत मिळायला हवेत. शहरातल्या, रोज मेसेज वाचणाऱ्या माणसाला हे जमेल. आमच्याकडे माणसाला कळतं तेच मुळी पुढचा बाजार भरतो तेव्हा, फोन लागला नाही म्हणून दुकानात आल्यावर. तोवर मुदत कधीच गेलेली असते. कॉलेजातल्या एका मुलाचे पैसे त्याच दिवशी परत आल्याचं मी पाहिलं आहे, कारण तो मेसेज आल्या आल्या धावत आला. बाकीच्यांचे गेले ते गेले. माझ्या मते ही मुदत पैसे कापल्याचं कळल्यापासून धरली पाहिजे. आणि मेसेज माणसाच्या भाषेत पाठवला नसेल, तर ती धरूच नये.

मुदत उलटली असेल तरी गप्प बसू नका. कंपनीच्या १९८ या तक्रारीच्या नंबरवर फोन करा. तोही फुकट आहे. एवढंच म्हणा, "मी ही सेवा मागितली नव्हती, माझी संमती कधी आणि कशी घेतली ते सांगा." तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक देतात, तो कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय एकेकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, हे लक्षात ठेवा, नाहीतर तिथे अर्ज करून लोक वाट बघत बसतात. सरकारची ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथेही नोंदवता येतं.

प्रीपेडवाल्यांना आपल्या वापराचा तपशील मागायचा हक्क आहे, २०१२ च्या नियमांत तो दिला आहे, आणि त्यासाठी कंपनी जास्तीत जास्त ५० रुपये घेऊ शकते. तीस रुपये कुठे गेले हे कळायला पन्नास मोजायचे. ज्यानं नियम लिहिला त्यानं दहाचा टॉपअप मारणारं माणूस समोर धरलं नव्हतं, असं मला वाटतं. चोरीचा संशय असेल तिथे हा तपशील फुकट द्यायला हवा.

१५५२२३ काय करत नाही तेही सांगते, कारण लोक सगळी दुखणी याच नंबरवर घेऊन जातात. टॉकटाइम उधार घेतला असेल तर तो पुढच्या रिचार्जमधून वळता होणारच, ती सेवा नव्हे. यूपीआयवर दर महिन्याला कुठल्या ॲपचे पैसे कापले जात असतील, तर ते ऑटोपे आहे, यूपीआय ॲपमध्ये जाऊन थांबवायला लागतं. आणि कीपॅडच्या फोनवर बाणाच्या बटणाजवळ इंटरनेट उघडणारं बटण असतं, ते चुकून दाबलं जातं आणि डेटाचे पैसे जातात. त्यासाठी वेगळा नंबर आहे, १९२५. त्यालाही स्टॉप पाठवलं की इंटरनेट बंद होतं, २०१५ पासून ही सोय आहे. ज्यांना इंटरनेट लागतच नाही त्यांच्या फोनवर मी हे विचारून आधीच करून टाकते. जाहिरातीचे कॉल थांबवायला १९०९ला इंग्रजीत स्टार्ट, मग जागा सोडून शून्य, असा मेसेज करायचा. भजन ऐकवणारे कॉल त्यानं कमी होतात, हे माझ्या गिऱ्हाइकांनी येऊन सांगितलं आहे.

गुण द्यायचेच तर मेसेजच्या रस्त्याला पाचपैकी चार. एक कापला तो एवढ्यासाठी की उत्तराचा मेसेज इंग्रजीत येतो. मराठीत रिचार्जची जाहिरात पाठवता येते, तर यादी का नाही? फोनच्या रस्त्याला दोन. पैसे परत मिळण्याला एक, तोही त्या मुलाला मिळाले म्हणून. आणि कंपन्यांना एकच मागणं आहे: रिचार्ज झाल्याचा जो मेसेज येतो, त्यात तुमच्या फोनवर कोणत्या पैशाच्या सेवा चालू आहेत ते दोन ओळींत आणि माणसाच्या भाषेत लिहा. जाहिरातीला जागा असते, याला नसते असं नाही. ते होत नाही तोवर आम्ही रिचार्जवाल्यांनी ते काम करावं. माझ्या दुकानाच्या काचेवर १५५२२३ मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, खाली ते बटणांचे आकडेही. टॉपअप मारायच्या आधी विचारते, मावशी, फोन बघू का एकदा? बहुतेक जणी हो म्हणतात.

स्वतः करणार असाल तर एक गोष्ट आधी बघा. कीपॅडच्या फोनवर पाकिटाचं चिन्ह लुकलुकत असेल, तर मेसेजची पेटी भरली आहे. पाठवलेला स्टॉप जातो, पण उत्तर आत येत नाही, आणि यादी न आल्यामुळे बंद करायचा आकडा पाठवायचा राहून जातो. कंपन्यांचे जुने मेसेज आधी पुसा, निदान वीसएक. बँकेचे आणि गॅसचे राहू द्या. मग स्टॉप पाठवा, आणि उत्तर आल्यावर दुसऱ्या दिवशी बॅलन्स पुन्हा तपासा. तरीही कापला असेल तर तो मेसेज न पुसता लगेच १९८ लावा, कारण नव्यानं चालू झालेल्या सेवेचे २४ तास तेव्हा हातात असू शकतात.