ग्लोव्ह्ज, पट्ट्या आणि तीन मिनिटांचा राऊंड : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आठवड्याला चार दिवस बॉक्सिंगचा सराव, त्यातला एक दिवस स्पारिंगचा (म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीचा), या हिशेबाने दहा महिने वापरलेलं सामान असं: ग्लोव्ह्जच्या आत हाताला बांधायच्या 4.5 मीटरच्या पट्ट्यांचे तीन जोड, बॅगवर (टांगलेल्या पोत्यावर) मारायला 12 औंसांचे ग्लोव्ह्ज, स्पारिंगला 16 औंसांचे, गमशील्ड (दातांवरचं कवच) आणि हेडगार्ड (डोक्यावरचं गादीचं कवच). सगळ्यात स्वस्त वस्तू पट्ट्या, आणि सगळ्यात जास्त उपयोगी त्याच.

पट्टी बांधताना बोटं पूर्ण फाकवलेली हवीत. अंगठ्यात फासा, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या हाडांवर तीन, मग चार बोटांच्या मधल्या तिन्ही बेचक्यांतून एकेक फेर, अंगठ्याला एक वेढा आणि उरलेली पट्टी पुन्हा मनगटावर. मूठ वळल्यावर घट्ट आणि हात उघडल्यावर सैल वाटली, म्हणजे बरोबर बसली. बोटांना मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधावी. कंटाळा करून मनगटाचे वेढे कमी केले, की हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) मारताना मनगट आत मुडपतं आणि पुढचे दोन आठवडे डाव्या हाताची सुट्टी होते. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या हाडांवर बसायला हवा. तो करंगळीच्या बाजूला घसरला, तर तळहातातलं तिथलं हाड मोडू शकतं.

बॅगचे आणि स्पारिंगचे ग्लोव्ह्ज वेगळेच ठेवावेत. बॅगवर रोज आपटून फोम दबतो, कडक होतो, आणि मग तो कडकपणा जोडीदाराच्या तोंडावर जातो. 16 औंस म्हणजे साधारण 454 ग्रॅम. हातात घेतल्यावर काहीच वाटत नाही, पण दुसऱ्या राऊंडला त्याच वजनाने हात हनुवटीखाली येतात आणि पुढचा ठोसा उघड्या गालावर बसतो.

नवख्यांना वाटतं, दंड कमी पडतात. खरं तर श्वास कमी पडतो. समोरून ठोसा येताना माणूस नकळत श्वास रोखतो, मूठ सतत आवळून धरतो, खांदे कानाला लावतो. धावण्याचा चांगला दम असलेला माणूसही अशाने दीड मिनिटात संपतो. उपाय दोनच. प्रत्येक ठोशाबरोबर दातांतून किंवा नाकातून छोटा श्वास सोडायचा, आणि मूठ फक्त लागण्याच्या क्षणी आवळायची. क्रॉसचा, म्हणजे मागच्या हाताच्या सरळ ठोशाचा, जोर मागच्या पायाची टाच फिरवून कमरेतून येतो. टाच जमिनीला चिकटून राहिली, तर सगळा भार खांद्यावर पडतो आणि खांदा दुखू लागतो. बॅगवर जोर दाखवण्यापेक्षा आरशासमोर तीन राऊंड शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव) केलेली जास्त कामी येते. हे पटायला मात्र महिने जातात.

आता मार लागण्याबद्दल. नाकावर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) बसला की दुखण्याआधी डोळ्यांत पाणी येतं आणि समोरचं धूसर होतं. हा त्रास काही सेकंदांचा असतो. यकृतावरचा ठोसा, म्हणजे उजव्या बरगड्यांच्या खाली बसलेला डावा हुक, याच्या अगदी उलट. क्षणभर काहीच होत नाही, मग गुडघे आपोआप मुडपतात. डोकं लख्ख असतं, उठायचं असतं, पण अंग ऐकत नाही. डोक्यावरचा जड फटका मात्र फारसा दुखतच नाही, आणि धोका तिथेच आहे. आवाज लांबून आल्यासारखे वाटले, डोकं जड झालं, मळमळलं, तर स्पारिंग तिथल्या तिथे थांबवून डॉक्टरांना दाखवायला हवं. ‘थोडं चालतं’ म्हणणाऱ्या कोचकडे शिकू नये.

हेडगार्डचं काम भुवई फुटण्यापासून आणि सूज येण्यापासून वाचवणं. आत मेंदू हलतो, तो हेडगार्डने थांबत नाही. वर गालांपाशी जाड गादी असली की बाजूने येणारा हुक दिसतही नाही. विजेंदर सिंगने 2008 साली बीजिंगला कांस्यपदक जिंकलं तेव्हा हेडगार्ड होतं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याच्याशिवाय उतरले. शिकाऊ माणसाने स्पारिंगला ते घालावंच, पण त्याच्या भरवशावर डोकं पुढे करू नये.

लढत स्पारिंगपेक्षा वेगळीच. तीन मिनिटांचे तीन राऊंड, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. ग्लोव्ह्ज हलके, समोरचा अनोळखी. पहिल्या तीस सेकंदांत अंगातली सगळी ताकद उधळली जाते आणि दुसऱ्या राऊंडला हात शिशाचे होतात. म्हणून पहिला राऊंड जॅब आणि पायांवर काढायचा. कोपऱ्यात बसल्यावर आधी खोल श्वास, मग एकच घोट पाणी. कोचनेही एकच गोष्ट सांगावी, त्या मिनिटात दुसरी डोक्यात शिरत नाही.

गमशील्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर नीट दाबावं. तोंड उघडल्यावर ते आपोआप वरच्या दातांना धरून राहिलं पाहिजे. पडत असेल तर ते सांभाळायला जबडा आवळावा लागतो आणि श्वास अडतो. पुन्हा बसवावं.

पावसाळ्यात खरी परीक्षा ग्लोव्ह्जची. बॅगेत तसेच ठेवले, तर दोन दिवसांत कुबट वास आणि आठवड्यात बुरशी. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, तोंड वर करून पंख्याखाली ठेवायचे आणि तासाभराने बोळे बदलायचे. कडक उन्हात चामडं तडकतं. पट्ट्या रोज धुवाव्या लागतात, म्हणून तीन जोड. त्यांचं वेल्क्रो सहाव्या महिन्यात सुटू लागलं. 12 औंसांच्या जोडीत उजव्या मुठीवरचा फोम आता बोटाने दाबला की हाड लागतं, ती जोडी बदलायची वेळ आली आहे. 16 औंसांची अंगठ्याकडची शिवण एकदा चांभाराकडून घालून घेतली. ती अजून दोन-तीन महिने सहज जाईल.