सीलबंद खोकं, जुनं पॅनल

2007 च्या सुमारास आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणाऱ्यांच्या, मागे दुकानदारांनी एकच लकडा लावला होता: जुना डबा (पिक्चर ट्यूबचा मॉनिटर) द्या, चपटा एलसीडी घ्या. टेबलावर जागा होते, वीज वाचते, डोळे चुरचुरत नाहीत. यातलं काहीच खोटं नव्हतं. फुगीर मॉनिटर अर्धं टेबल खायचा आणि रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र नव्यानं उमटण्याचा वेग, 60 हर्ट्झवर राहिला तर संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं. शिवाय त्याचे 17 इंच म्हणजे पिक्चर ट्यूबचे. डोळ्यांना दिसायचे जेमतेम 16. एलसीडीचे 17 म्हणजे पुरते 17.

पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून मी तीन 17 इंची एलसीडी घेतले. बाजारभावापेक्षा हजारेक रुपयांनी स्वस्त, वर प्रत्येक डब्यामागे बाराशे वजा. खोकी सीलबंद, थर्माकोल कोरा, स्क्रीनवर प्लॅस्टिकची फिल्म, समोर नामांकित कंपनीचा शिक्का. दुकानात लावून दाखवला तेव्हा निळा समुद्र आणि रंगीत पोपट झळकत होते. तसला पोपट कुठल्याही पॅनलवर छानच दिसतो.

आमचं काम मात्र पांढऱ्या पानावरचं. पानं जुळवायचं सॉफ्टवेअर पेजमेकर उघडून तिन्ही मॉनिटर शेजारी शेजारी लावले, तर एकाचं पान पांढरं, दुसऱ्याचं पिवळट आणि तिसऱ्याचं खालच्या कडेला चहा सांडल्यासारखं. अक्षरंही पुसट. दुकानात फोन केला तर मालक म्हणाले, “ताई, नवीन आहे, नजरेला सवय होईल.” पुसटपणाचं कारण निराळं निघालं. त्यांच्या पोऱ्यानं रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, 1024 बाय 768 वर ठेवलं होतं. 17 इंची एलसीडीचं स्वतःचं रिझोल्यूशन 1280 बाय 1024 असतं आणि त्याखेरीज दुसरं ठेवलं की वेलांट्या-रफार पसरतात. ते नीट केल्यावर अक्षरं स्वच्छ झाली, पिवळेपणा तसाच.

या पिवळेपणातच सगळी लबाडी होती. एलसीडीची काच स्वतः उजेड देत नाही. त्या काळच्या मॉनिटरमध्ये तिच्यामागे पेन्सिलीहून बारीक फ्लुरोसंट ट्यूब असायच्या, आणि थकतात त्या. साधारण 30 ते 50 हजार तासांत त्यांचा उजेड निम्म्यावर येतो, त्याआधीच पांढऱ्यावर पिवळी झाक चढते. चोवीस तास चालणाऱ्या ऑफिसात एखादा मॉनिटर तीन वर्षं राहिला तर त्याचे 26 हजार तास झालेच. असा माल बाहेर पडला की आतलं पॅनल, म्हणजे काच आणि तिच्यामागच्या ट्यूब, काढायचं, नव्या प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवायचं, वर फिल्म चिकटवायची. डबा जुना झाला की चित्र अंधुक व्हायचं, कडा फाटायच्या, शिवाय पिवळं पडलेलं प्लॅस्टिक चुगली करायचं. एलसीडीला नवा अंगरखा चढवला की वय झाकलं जातं.

माझा संशय पक्का झाला तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळत नव्हते. स्टिकरवरच्या नंबराची वॉरंटी केव्हाच संपलेली. तिथल्या तंत्रज्ञानं मागचं झाकण उघडलं. स्क्रूंच्या खाचा आधीच झिजलेल्या होत्या आणि पॅनलच्या पत्र्यावर 2003 ची तारीख होती.

मालकांनी मग नियम काढला. पिक्सेलच्या, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या, दोषांसाठी आयएसओ 13406-2 नावाचं मानक होतं आणि त्याच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले चालतात. “थोडं इकडंतिकडं कंपनीलाच मान्य आहे.” मानक खरं होतं. फक्त माझी तक्रार पिक्सेलबद्दल नव्हतीच. अशी माणसं अगदी खरा नियम भलत्याच जागी लावतात, आणि आकडा ऐकून समोरचा गप्प बसतो.

मग म्हणाले, माल परत घेतो, पण तुमचे डबे गेले भंगारात. एक्स्चेंजची खरी मेख ही. सौदा मोडायचा तर तुमच्या टेबलावर काहीच उरलेलं नसतं, आणि काम थांबवून भांडत बसणं डीटीपीवाल्याला परवडत नाही. बिल पक्कं होतं, तेव्हाच्या व्हॅट या विक्रीकरासकट. पण त्यावर ‘17 इंची एलसीडी, 3 नग’ एवढंच. सीरियल नंबर नाही, त्यामुळे हे मॉनिटर आमचेच कशावरून, हा प्रश्न विचारायला ते मोकळे.

शेवटचं अस्त्र कायद्याचं: तुम्ही धंद्यासाठी घेतलं, म्हणजे ग्राहक नाही. हे अर्धसत्य आहे. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी खरेदी वगळली होती, पण स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळणुकीतून बाहेर ठेवलेली होती. 2019 च्या कायद्यातही तसंच आहे. हे लेखी नोटिशीत गेलं, सोबत सर्व्हिस सेंटरचा शेरा जोडला, तेव्हा आवाज खाली आला. पैसे परत मिळाले, ‘वापर’ म्हणून थोडे कापून. डबे गेले ते गेलेच, आणि त्यातला एक रंगांच्या कामाला अजून उत्तम होता. स्वस्त एलसीडीत मान जरा खाली-वर केली की रंग बदलतो; मुखपृष्ठाचा लाल कुठला खरा, हे कळत नाही.

आता ट्यूबच्या जागी एलईडी आल्या, नावं बदलली, पण अनोळखी ब्रँडचे 19 इंची स्वस्त मॉनिटर जुनी पॅनलं घालून अजूनही नवे म्हणून विकले जातात. घेताना पोपट बघू नका. कोरं पांढरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडा, दुकानातले दिवे घालवायला सांगा आणि चारही कडा बघा. खोकं, मागचा स्टिकर आणि बिल, तिन्हीकडे एकच सीरियल नंबर हवा, आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी तिथंच तपासा. काही मॉडेलांच्या सर्व्हिस मेनूत किती तास चालला तेही दिसतं. दुकानदार “त्याची गरज नाही” म्हणाला, तर जुना मॉनिटर त्याच्या हाती देऊ नका. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.